नॉस्टरवरचा डीएम एनक्रिप्टेड असतो, मग मेटाडेटा का दिसतो?

तुमचा प्रश्न असा की नॉस्टरवर (कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं सोशल नेटवर्क) खासगी मेसेज, म्हणजे डीएम, एनक्रिप्ट होऊनच जातो, तरी मेटाडेटा (कोण, कुणाला, कधी लिहितं ही माहिती) उघडा पडतो असं लोक का म्हणतात, आणि तो झाकता येतो का. उघडा पडतो हे खरं. झाकताही येतो, पण सगळा नाही.

मी घरी एक छोटा रिले, म्हणजे नॉस्टरचे मेसेज साठवून पुढे देणारा सर्व्हर, चालवतो. एकदा माझेच जुने मेसेज त्यावरून काढून पाहिले. ते निप-०४ पद्धतीचे, म्हणजे काइंड ४ चे होते (निप म्हणजे नॉस्टरचे क्रमांक दिलेले नियम, काइंड म्हणजे मेसेजचा प्रकार). मजकुराच्या जागी नुसती अक्षरांची खिचडी. पण पाठवणाऱ्याच्या जागी माझी पब्लिक की (नॉस्टरवरची उघडी ओळख), घेणाऱ्याचं नाव सांगणाऱ्या 'पी' टॅगमध्ये माझ्या मित्राची, आणि वेळ सेकंदापर्यंत. सलग नऊ रात्री, साडेबारा ते दीड, मग एकदम शांतता. मी तेव्हा नोकरी सोडायच्या विचारात होतो आणि तो दुसऱ्या कंपनीत होता. आम्हा दोघांना ओळखणाऱ्याला एक अक्षरही वाचायची गरज नव्हती. त्यासाठी रिलेचा मालक असावं लागतं असंही नाही. रिलेने अडवलं नसेल तर काइंड ४ कुणालाही मागता येतात. त्या दिवशी मी खरंच हादरलो.

यावरचा इलाज म्हणजे निप-१७. त्यात मूळ मेसेजवर सहीच नसते, त्यामुळे तो बाहेर फुटला तरी तुमच्या सहीचा मेसेज म्हणून कुणाला मिरवता येत नाही. तो एका सीलमध्ये, म्हणजे बंद पाकिटात, जातो (काइंड १३), त्यावर तुमची खरी सही. ते सील पुन्हा एनक्रिप्ट होऊन गिफ्ट रॅपमध्ये, म्हणजे बाहेरच्या पाकिटात, जातं (काइंड १०५९), आणि त्यावरची सही एकदाच वापरून टाकून द्यायच्या कीची. रिलेला तीच दिसते, तुम्ही दिसत नाही. वेळही मुद्दाम दोन दिवसांपर्यंत मागे ढकललेली असते. (म्हणूनच 'शेवटच्या लॉगिननंतरचे मेसेज द्या' एवढंच मागणाऱ्या ॲपमध्ये मेसेज गहाळ होतात. दोन दिवस मागून मागावे लागतात.) आतलं एनक्रिप्शन निप-४४ चं. ते लहान-मोठ्या मजकुरात भर घालून लांबी ठरावीक मापांत बसवतं, त्यामुळे 'हो' आणि 'नाही' एकाच मापाचे दिसतात.

आता जे झाकलं जात नाही ते. घेणाऱ्याची की गिफ्ट रॅपवर असतेच, नाहीतर त्याला त्याचा मेसेज सापडणार कसा? म्हणून डीएमसाठी असा रिले निवडा जो निप-४२ ने ओळख पटवूनच काइंड १०५९ देतो, आणि तोही ज्याचा त्यालाच. तुमचे डीएमचे रिले काइंड १००५० च्या यादीत लिहिलेले असतात, ती यादी एकदा उघडून बघाच.

रिलेला तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि मेसेज पोचल्याची खरी वेळ कळतेच. त्यात एक खोच आहे, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पाठवलेल्याची एक प्रत ॲप तुमच्या स्वतःसाठीही गुंडाळून पाठवतं. तुमचा आणि मित्राचा रिले एकच असेल, तर एकाच कनेक्शनवरून एका क्षणात दोन पाकिटं येतात, एक त्याच्या नावाचं, एक तुमच्या. रिलेच्या मालकाला जोडी जुळवायला एवढं पुरतं. दोघांचे रिले वेगळे ठेवा आणि टॉरवरून (आयपी लपवणारं नेटवर्क) जोडा. व्हीपीएनने तोच विश्वास फक्त दुसऱ्याच्या हाती जातो.

शिवाय तुमची एनसेक (खासगी की) फुटली तर साठवून ठेवलेले तुम्हाला आलेले सगळे जुने मेसेज उघडतात, इथे फॉरवर्ड सीक्रसी (की फुटली तरी जुने मेसेज बंदच राहण्याची सोय) नाही. बातमीदाराचा स्रोत किंवा घरातल्या मारहाणीतून सुटू पाहणारी बाई असेल, तर मी त्यांना नॉस्टरचा डीएम सुचवणार नाही. सिग्नल किंवा सिम्प्लेक्स ही मेसेजिंग ॲप सांगेन. सिम्प्लेक्समध्ये तर युजर आयडीच नसतो.

तुमचं ॲप अजून काइंड ४ पाठवत असेल तर आजच बदला. मी माझ्या त्या नऊ रात्रींसाठी डिलीटची विनंती सगळ्या रिलेंना पाठवली होती. ती मानायची की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात, आणि एका रिलेवर ते मेसेज मला परवाच पुन्हा दिसले.