पाण्यात विष नगण्य असतं, मग मोठ्या माशात ते हजारो पट कुठून येतं?

मधल्या मधे विष कुणी वाढवत नाही. ते जवळपास तेवढंच राहतं, त्याच्या भोवतीचं अन्न मात्र जळून जातं. तुमची गल्लत इथेच होतेय असं मला वाटतं.

एक मोठा मासा डोळ्यांसमोर आणा. जन्मभर तो लहान मासे गिळतो. दहा किलो खाल्लं तर साधारण किलोभर अंगी लागतं, बाकीचं पोहण्यात, श्वास घेण्यात खर्ची पडतं. पण त्या दहा किलोंबरोबर आलेलं डीडीटी (एक कीटकनाशक) सहजी मोडत नाही आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीराबाहेरही फारसं पडत नाही. ते चरबीत जाऊन बसतं. दहा किलोंतलं बरंचसं विष आता एका किलोत. त्या लहान माशांनीही प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाताना हेच केलेलं असतं. मिठाचं पाणी उन्हात आटलं की मीठ तेवढंच राहतं आणि उरलेलं पाणी जास्त खारट होतं, तसंच हे.

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. चिलटं मारायला तिथे १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीडी, म्हणजे डीडीटीचंच भावंड, पाण्यात सोडलं. शेवटच्या दोन वेळा प्रमाण पाच कोटी भाग पाण्यात एक भाग! तरी ग्रीब नावाचे मासेखाऊ पाणपक्षी मरू लागले. त्यांची चरबी तपासली तर दहा लाख भागांत १६०० भाग विष. भागाकार करा, ८०,००० पट येतं. (हा आकडा चरबीचा आहे, अख्ख्या पक्ष्याचा नाही. हा फरक बऱ्याचदा सांगायचा राहून जातो.) उपासमारीत चरबी वितळली की हेच विष रक्तात उतरतं.

पाऱ्याची तऱ्हा थोडी वेगळी. मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं एक विषारी संयुग, मांसातल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे माशाची कातडी आणि चरबी काढून टाकली तरी ते जात नाही. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातून ते समुद्रात गेलं. माणसांचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, पण त्याआधीच तिथली मांजरं झटके येऊन मरत होती. तीही तेच मासे खात होती.

प्रत्येक विष असं वर चढत नाही. शिसं हाडांत साठतं, पण अन्नसाखळीत (कोण कुणाला खातं त्या क्रमात) पायरीगणिक वाढत सहसा नाही.

आणि साखळी सगळ्यात वरच्या प्राण्यापाशी थांबते असंही समजू नका. ऑर्का या शिकारी सागरी सस्तन प्राण्याच्या मादीच्या चरबीत साठलेलं पीसीबी (एके काळी विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं रसायन) दुधावाटे पिल्लात उतरतं. म्हणून पिल्लं झालेल्या मादीच्या अंगात ते नरापेक्षा कमी सापडतं, आणि सगळ्यात मोठा वाटा जातो तिच्या पहिल्या पिल्लाला.