ज्याच्या हाती खराटा

प्रिय बेटा,

तुझा एवढा लांबलचक मेसेज आला. फोनवर उत्तर देण्यासारखं ते नव्हतं, म्हणून कागद घेतला. आई म्हणते कुत्र्याची तीन पिल्लं आणून घराचा उकिरडा केला, बाबा म्हणतात पोत्यात भरून दूर कुठंतरी सोडून ये, आणि तू मला विचारतोस, ‘काकाजी, माझ्याच घरची माणसं एवढी निर्दयी कशी? यांना समजावू कसं?’

समजावायचं कुणाला, ते आधी ठरव.

दिवाळीनंतर एका सकाळी मी तुमच्या घरावरून गेलो. तू अमरावतीला, अभ्यासिकेत. तुझी तिन्ही पिल्लं सांदवाडीत. एकाला हगवण लागलेली. तुझ्या आईनं चुलीतली राख आणून त्यावर टाकली, खराट्यानं ओढून टोपल्यात भरली, खाली बसून दुसऱ्यांदा ओढली. उठताना गुडघ्यावर हात टेकला. मग हात धुतले, शिळी भाकर ताकात कुस्करून पुढ्यात ठेवली, ‘खा मेल्यांनो’ म्हणाली आणि कमरेला फडकं बांधून कापूस वेचायला निघाली. बायांची टोळी कोपऱ्यावर थांबलेली, त्या हाका मारत होत्या. ही तुझी निर्दयी बाई!

गाडगेबाबांच्या दशसूत्रीतलं ‘पशु-पक्षी, मुक्या प्राण्यांना अभय’ तू मला लिहून पाठवलंस. मला पाठ आहे रे ते, आपण त्यांच्याच मुलखातली माणसं. पण गाडगेबाबा गावात आले की दिवसा खराटा हाती घ्यायचे, कीर्तन रात्री. तू थेट कीर्तनाला उभा राहिलास आणि खराटा आईच्या हाती दिलास.

माझं म्हणणं एकच आहे, आणि ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही. ज्याच्या हाती खराटा, त्याचा शब्द आधी. जनावर घरात यावं की नाही, किती यावीत, कुठं बांधावीत, हे ज्याला घाण काढायची आहे तो ठरवेल. ज्याला दया आली तो नाही. दया सगळ्यांनाच येते.

आता पिल्लांचं. हगवणीत रक्त दिसलं का, हे आईला विचारलंस? नाही विचारलंस. तू फोटो मागवलेस. रक्त दिसलं की पार्वोचा, म्हणजे पिल्लांचा जीव घेणाऱ्या विषाणूचा, संशय धरायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दही-भात देऊन वाट पाहायची नाही. राखेनं वास जातो, पार्वो जात नाही. तो मातीत महिनोन्महिने राहतो. त्या जागेला ब्लीचिंगचं पाणी लागतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, पुढचे डोस ठरल्या दिवशी द्यायचे. रेबीजची लस तीन महिने झाले की, आणि मग दरवर्षी. तोवर पिल्लानं खेळता खेळता आईच्या हाताला दात लावला तर ‘पिल्लूच आहे, काय होते’ म्हणायचं नाही. वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. मिरची, चुना, हळद काहीही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर डॉक्टरच्या हातात जवळपास काही राहत नाही. हे आईला कोण सांगणार होतं? घाण तिनं काढायची, चावेही तिनं सोसायचे, आणि माहिती तुझ्या मोबाईलात.

तिघांत दोन माद्या आहेत, हे तरी पाहिलंस ना? सहा महिन्यांनंतर कधीही माजावर येतील. गाभण राहिली की 63 दिवसांच्या आसपास वितात. वर्षाच्या आत तुझ्या आईच्या खराट्याखाली किती पिल्लं असतील, त्याचा हिशेब तू कर, स्पर्धा परीक्षेचं गणित सोडवतोस ना. त्यांची नसबंदी हा घरातला पहिला खर्च. पट्टा, खेळणी, वाढदिवसाचा केक नंतर.

बाबांचा राग निराळा आहे. त्यांच्यावर कायदा उगारू नको. जनावर बेवारस सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, खरं आहे. पण बापाला कलम दाखवणाऱ्या पोराचं घरात कोणी ऐकत नसते. त्यांना एवढंच सांग की परक्या गावात सोडलेलं पिल्लू तिथली कुत्री जगू देत नाहीत. ते शेतकरी आहेत, त्यांना कळते. आणि त्यांना कामाचं कुत्रं हवं आहे, हे तुझ्या लक्षातच आलं नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगायी) तुरीत शिरतात, जागलीला माणूस मिळत नाही. यातलं एक मोठं होऊन त्यांच्यासोबत धुऱ्यावर फिरलं तर सर्वात आधी तेच त्याच्या अंगावरचे गोचीड काढतील. फक्त रात्री एकटं बांधून ठेवायचं नाही. आपल्याकडे बिबट्या कुत्रं उचलतो, आणि साखळीतल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

आता तुझा आश्रम. रोडलगतच्या एकरात शेड टाकतो म्हणालास, गावोगावची जखमी कुत्री आणीन म्हणालास. आणि खराटा कोण धरील? त्या मेसेजमध्ये हा शब्द कुठंच नाही. डोनेशन आहे, नाव आहे, लोगोसुद्धा आहे. वर्ध्याला करुणाश्रमात जा, तिथं जखमी-बेवारस जनावरं सांभाळतात. फोटो काढायला नको, पिंजरे धुवायला जा आणि आठ दिवस राहा. परत आल्यावरही एकराचं बोललास तर मी स्वतः तुझ्या बाबांशी बोलीन. गावासाठी काही करायचंच असेल तर ग्रामपंचायतीत नसबंदीचा अर्ज दे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ती जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकलेली आहे आणि पंचायत त्यात येते. नसबंदी, लसीकरण झालेलं, कानाला खाच असलेलं कुत्रं साधारणपणे आपल्याच गल्लीत परततं. आश्रमापेक्षा हे जास्त कामाचं आहे, पण यात फोटो निघत नाही.

तुला कोणीतरी सांगितलं असेलच की काकाजीही आता फाटक उघडत नाहीत. मागच्या पावसाळ्यात कोणी मांजरीची पिल्लं चुंगडीत घालून ठेवून गेलं. मी ठेवणाऱ्याचं घर शोधून काढलं आणि चुंगडी परत नेऊन दिली, दुधाच्या पिशवीसकट. गावात बोंब झाली, म्हातारा बदलला म्हणे. बदललो नाही. सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणाला गाड्या निघायच्या, कुत्र्याच्या नसबंदीला सामान नसायचं. लोक पिल्लं माझ्या टेबलावर सोडून जायचे आणि मी घरी आणायचो. तुझ्या काकूला विचारून आणायचो, हे लक्षात घे. प्रत्येक वेळी विचारलं. ती ‘आणा’ म्हणायची आणि मग घाणही तीच काढायची. गेल्या वर्षी म्हणाली, ‘आता पुरे, माझ्यानं वाकवत नाही.’ मग पुरे. यात दुसऱ्याचं मत मी विचारणार नाही, गावाचंही नाही. आहेत ती सहा मरेपर्यंत आमची. सातवं नाही. मला मात्र एकच खुपतं: तिचं ‘पुरे’ दहा वर्षं आधी आलं असतं तर ती कदाचित आज उकिडवी बसू शकली असती. पण तेव्हा तिनं म्हटलंच नाही, मग मी काय करावं? तूच सांग.

तुझी आईही म्हणणार नाही. ओरडेल, पण पुरे म्हणणार नाही. म्हणून तूच विचार, आणि विचारताना खराटा तुझ्या हातात असू दे.

शनिवारी गावी येशील तेव्हा पिल्लांना घेऊन दवाखान्यात ये, मी डॉक्टरांशी बोलून ठेवतो. रिकाम्या पोटी आणू नको, लसच द्यायची आहे. आईला सोबत आण. प्रत्येक डोसाची तारीख तिला समजावून सांगायची आहे, आणि किती ठेवायची तेही तिलाच विचारायचं आहे. तू बाहेर ऑटो थांबवून ठेव.

तुझा,
काकाजी