पान कोणतं पिवळं पडलं, ते आधी बघा
वाचकांचे प्रश्न : घरातलं बोन्साय

प्रश्न : एप्रिलमध्ये नर्सरीतून दोन वर्षांचं फायकस (वडाच्या कुळातलं झाड) आणलं. हॉलच्या कोपऱ्यात ठेवलंय, दिवसभर एसी असतो. पंधरा दिवसांत निम्मी पानं पिवळी पडून गळली. उन्हाळा आहे म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. झाड गेलं का?
– वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. जागा बदलली की फायकस पानं टाकतंच. नर्सरीतल्या भरपूर उजेडातून ते एकदम कोपऱ्यात आलं. तेवढी पानं पोसणं त्याला आता जमत नाही. याची काळजी नको. काळजी आहे ती दोन वेळच्या पाण्याची.

पानं आणि उजेड कमी झाले की झाड पाणीही कमी ओढतं. कुंडी ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी घेत नाहीत, म्हणून पानं तहानल्यासारखी लोंबतात आणि आपण आणखी पाणी घालतो. बोन्साय घरात मरतात ती बहुतेक अशी.

पाणी कमी पडलं तर पान कडेपासून वाळतं, चुरगाळलं की चुरा होतो. जास्त झालं तर पान मऊच राहून सगळं पिवळं होतं आणि सुरुवात खालच्या, जुन्या पानांपासून होते. खात्रीसाठी बांबूची बारीक काडी मातीत 3-4 सेंमी खोचा, 10 मिनिटांनी काढा. काडी ओली, गडद निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. जवळपास कोरडी निघाली की खालच्या भोकातून वाहेपर्यंत घाला.

पाच-सहा दिवस काडी ओलीच येत असेल, तर दोष मातीचा. आपल्याकडे कुंडीत सर्रास काळी माती भरतात. ती भिजली की चिकटून बसते. वाळली की आकसते, कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतूनच निघून जातं. मुळांचा गोळा बाहेर काढा. निरोगी मूळ घट्ट लागतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की त्याची साल निसटते. कुजलेलं तेवढंच कापा. चाळलेला 2 ते 5 मिमीचा विटांचा चुरा 3 भाग आणि गांडूळखत 1 भाग, यात पुन्हा लावा. मुळं चांगली असतील तर मात्र मे महिन्यात कुंडी बदलू नका, पाऊस सुरू होऊ द्या. नवी पालवी येईपर्यंत खत नको. जागा पूर्वेच्या खिडकीपासून फूट-दोन फुटांवर, एसीचा झोत लागणार नाही अशी.

प्रश्न : कार्मोना जातीच्या बोन्सायच्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके आहेत. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दोनदा फवारलं, फरक नाही.
– वाचक, महाल

उत्तर : फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले कण मिनिटभर बघा. ते चालू लागले आणि बोटाने चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर तो लाल कोळी. तो आठ पायांचा, कीटक नव्हे. इमिडाक्लोप्रिड त्याला लागू पडत नाही, उलट ते फवारल्यावर कोळी वाढल्याचं आढळतं. ते थांबवा.

मे महिन्यातली आपली कोरडी हवा त्याला मानवते. कुंडीच्या तोंडावर प्लास्टिक बांधा, झाड आडवं धरा आणि पानांची खालची बाजू नळाखाली धुवा. कोळी तिथेच असतो. दर तीन दिवसांनी, असं चार वेळा करा. अंड्यांतून नवे निघत राहतात, एकदा धुऊन भागत नाही. शेवटच्या धुण्यानंतरही ठिपके वाढत असतील तर 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आधी दोन-चार पानांवर करून बघा. कूलरच्या खोलीतली दमट हवा या झाडाला चांगली, फक्त झोतासमोर ठेवू नका.

प्रश्न : कामिनीची नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं छान आहेत. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी घालतो.
– वाचक, मनीषनगर

उत्तर : संत्र्याची बाग ज्यांनी पाहिली त्यांना हे पान ओळखीचं वाटेल, कामिनी संत्र्याच्याच कुळातली. ही लोहाची कमतरता. लोह जुन्या पानातून नव्याकडे सरकत नाही, म्हणून खूण कोवळ्या पानावर दिसते. (जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्राचा संशय घेतला असता.) आरओने बाहेर टाकलेल्या पाण्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. त्यांनी माती अल्कधर्मी होते आणि असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर असेल तर तो त्याचाच.

ते पाणी आजपासून बंद करा. कुंडीच्या तिप्पट मापाचं आरओचं शुद्ध पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) 1 लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. आज पिवळी असलेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. त्यानंतर फुटणारं पान बघा.