नवी गाडी कोकणात कुठे लावशील?

माडाखाली तर मुळीच नको. नारळ नाही पडला तरी झावळी पडते आणि बॉनेटला पोचा येतो. आंब्याची सावली गार खरी, पण मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट स्राव पडतो. मे महिन्यात जांभूळही टाळ, फळांवर पाखरं येतात. पाखरांची विष्ठा आम्लधर्मी, उन्हात वाळली की रंगात डाग कोरते. दिसली की लगेच भिजवून काढ, खरवडू नकोस.

गुहागर-मालवणला किनाऱ्यालगत राहत असशील तर गाडी घराच्या पूर्वेला लाव. समुद्रावरचा खारा वारा भिंत अडवते. मीठ दमटपणा ओढून घेतं, म्हणून ओल्या गाडीवर कव्हर घालू नकोस. माझ्या पहिल्या गाडीचे दरवाजे खालून असेच गंजले, अजून वाईट वाटतं. आठवड्याला गोड्या पाण्याने धू, खालूनसुद्धा.