'इस्कीमिया' म्हणजे रक्तक्षय नव्हे

प्रश्न असा आला आहे: डिस्चार्ज समरीवर 'रीनल इस्कीमिया' लिहिलेलं असतं, त्याचं मराठी 'मूत्रपिंडाचा रक्तक्षय' करावं का? आणि कोड (आजाराचा वर्गीकरण क्रमांक) देताना 'किडनी फेल' असाच अर्थ धरायचा का?

दोन्हींना उत्तर एकच: नाही. 'किडनी फेल' ऐकलं की माझं डोकं उठतं. परीक्षेत नापास झाल्यासारखी किडनी 'फेल' होते, आणि का झाली, किती झाली, सावरेल का, हे सगळं त्या दोन शब्दांखाली गाडलं जातं. 'रक्तक्षय' त्याहून वाईट, कारण तो शब्द अॅनिमियासाठी आधीच रुळलेला आहे. अॅनिमियात रक्तच कसाला उतरत नाही. इस्कीमियात रक्त चांगलं असतं, पोचत नाही. धरण भरलेलं आणि नळ कोरडा, अशी गत. काही जण 'स्थानिक अरक्तता' सुचवतात. हा तर अॅनिमियाचाच शब्दशः अनुवाद, त्याला पुढे 'स्थानिक' जोडून इस्कीमिया म्हणून खपवलेला. कोशात छापलं म्हणून चूक बरोबर होत नाही.

आता मूळ शब्द बघा, खरी गंमत तिथे आहे. ग्रीक 'इस्खेइन' म्हणजे रोखून धरणे आणि 'हैमा' म्हणजे रक्त. जुन्या ग्रीकमध्ये 'इस्खैमोस' हे रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाचं विशेषण होतं. म्हणजे गुणकारी गोष्ट! एकोणिसाव्या शतकात जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी ते रोगाच्या नावात आणलं. पण 'इस्खेइन' हे 'एखेइन'चंच द्वित्त झालेलं रूप, आणि दोघांचा मूळ धातू, ग्रीक-संस्कृतच्या समान पूर्वज भाषेतला, 'सेघ्': धरणे, ताब्यात ठेवणे, वरचढ होणे. ग्रीकने शब्दारंभीचा 'स' टाकला (आपलं 'सप्त' तिकडे 'हेप्टा' होतं ना, तसाच). संस्कृतात मात्र तो धातू ठणठणीत आहे: सह्! सहन, दुःसह, साहस ही सगळी इस्कीमियाची चुलत भावंडं. जर्मन 'सीग', म्हणजे विजय, तोही त्याच घरातला. 'स्कीम' आणि 'स्कूल'सुद्धा. ('सहकार', 'सहज' यांतला 'सह' वेगळा, त्याला या पंगतीत बसवू नका.)

माझं म्हणणं असं की मूत्रपिंडाच्या बाबतीत हा 'सह्' अगदी चपखल बसतो. ग्रीकांच्या मनात हे नव्हतं, मान्य. पण बघा, वजनाने शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असलेली ही जोडी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी २० ते २५ टक्के घेते. पुरवठा घटला की आधी ती सहन करते. सोडिअम आणि पाणी घट्ट धरून ठेवते, इतकं की गाळलेल्या सोडिअमपैकी १ टक्काही लघवीत जात नाही. (मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी, औषधं चालू असतील तर हा आकडा फसवतो.) धरून ठेवणं, सोसणं, दोन्ही अर्थ एकाच अवयवात! या टप्प्यावर रक्तप्रवाह पूर्ववत केला तर मूत्रपिंड बहुधा सावरतं. सोसण्याची हद्द संपली की मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरतात, सोडिअम निसटू लागतं, प्रमाण साधारण २ टक्क्यांच्या वर जातं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत मातकट तपकिरी साचे (नलिकेच्या आकारात गोठलेले तुकडे) दिसतात. सह्य आणि असह्य यांतली ही सीमा 'रक्तक्षय' या शब्दात कुठे दिसते, सांगा बरं?

'रक्तरोध' सुचवणाऱ्यांचा मला आदर आहे, कारण लघवी अडण्याला 'इस्क्युरिया' म्हणतात आणि त्याचं 'मूत्ररोध' चांगलं जमतं. पण जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं आणि रक्तदाब कोसळला, तर रोध कुठेच नसतो, तरी मूत्रपिंड उपाशीच. म्हणून मी 'रक्तपुरवठ्यातली तूट' लिहितो. लांब आहे, पण खोटं नाही.

हो, कोडचं राहिलंच. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मूत्रपिंडाचा इस्कीमिया आणि इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) यांना एन२८.० आहे, पण मुख्य धमनी चरबीच्या थरांनी अरुंद झाली असेल तर तो चालत नाही, तिथे आय७०.१. 'गोल्डब्लाट किडनी'ही आय७०.१ मध्येच जाते. १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने नुसती आवळून रक्तदाब चढवून दाखवला होता, त्यांचं नाव असं कोडात जाऊन बसलं. धमनी जन्मतःच अरुंद असेल तर क्यू२७.१. नलिका मेल्या असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर एन१७.०, आणि 'प्रीरीनल युरेमिया' (मूत्रपिंडाबाहेरच्या कारणाने रक्तात टाकाऊ द्रव्यं साचणं) एवढंच लिहिलं असेल तर आर३९.२. नुसतं 'किडनी फेल' लिहून आलं तर हाती एन१९ उरतो, म्हणजे 'तपशील नाही'. अशा वेळी कोड टाकण्याआधी डॉक्टरांना फोन करा.