साडेचार आणि सात वर्षांच्या मुलांसाठी कोणते शैक्षणिक बोर्ड गेम घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेचारची, मुलगा सातचा, शाळा इंग्रजी, घरी मराठी, राहायला बेळगावात टिळकवाडीत, आणि दीड हजारापर्यंत शैक्षणिक बोर्ड गेम घ्यायचेत. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, घरी माझीही दोन आहेत. माझं मत विचाराल तर एवढे पैसे आत्ता घालू नका. गणपत गल्लीत मिळणारा साधा सापशिडी-लुडोचा पुठ्ठा, एक फासा आणि चार कवड्या एवढ्यावर तुमचं वर्षभर निभेल.

खोक्यावर 'शैक्षणिक' छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. मीही एकदा तसाच एक महागडा खेळ आणला होता. वायरीचं एक टोक प्रश्नाच्या भोकात, दुसरं उत्तराच्या भोकात घालायचं, बरोबर आलं की दिवा लागतो. आठवड्याभरात लेक धडाधड दिवे लावायला लागली. आम्ही खूश. मग मी चित्रांचा कागद झाकला, तरी ती दिवे लावतच होती! तिला भोकं पाठ झाली होती. तेव्हापासून कुठलाही खेळ घेताना मी एवढंच बघते की आपली पाळी आल्यावर मुलाला नेमका कशाचा विचार करावा लागतो.

साडेचारच्या मुलीला शंभर घरांची सापशिडी अजून जड जाते. एका ओळीत उजवीकडं, वरच्या ओळीत डावीकडं, या वळणावरच पोरं अडकतात. तिच्यासाठी खडूनं फरशीवर दहा चौकोनांची सरळ पट्टी आखा, १ ते १० आकडे घाला, आणि फाशाऐवजी एक-दोनच्या चिठ्ठ्या करा. हे मी मनानं सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत गीता रमणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना अशीच पट्टी खेळायला दिली होती. दोन आठवड्यांत चार वेळा, दर खेपेस पंधरा-वीस मिनिटं. आकड्यांची पट्टी खेळलेल्या मुलांची संख्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकली होती. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्यांना तसा फायदा झाला नाही.

यातली खरी मेख मोजण्याच्या पद्धतीत आहे. सोंगटी ५ वर आहे आणि दोन पडले, तर मूल 'एक, दोन' म्हणत पुढं जातं. तसं नको. तिला 'सहा, सात' म्हणायला लावा, ज्या घरात सोंगटी ठेवली त्याचा आकडा तोंडानं आला पाहिजे. वर्गात दरवर्षी आणखी एक चूक दिसते. पोरं ज्या घरात उभी आहेत तेच 'एक' धरतात आणि एक घर मागं राहतात. रागावू नका, बोट पुढच्या घरावर ठेवून 'इथनं' एवढंच म्हणा. चार-पाच दिवसांत जमतं.

मुलाला खुशाल पूर्ण सापशिडी द्या, पण मराठीतून मोजा. त्याची ५९ वर गाडी अडेल. लिहिताना आधी पाच, म्हणताना मात्र 'एकोणसाठ', म्हणजे साठाचं नाव. इंग्रजी शाळेतलं पोर हमखास सोंगटी साठाच्या पुढच्या ओळीत नेऊन ठेवतं. शेजारी कन्नड अज्जी असतील तर त्यांनाही खेळायला बसवा. त्यांचं 'ऐवत्तोंबत्तु' म्हणजे सरळ 'पन्नास-नऊ'. ते कानावर पडलं की माझ्या लेकाला एकोणसाठचा उलगडा झाला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' म्हणायची वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता; आपल्या गल्लीत दोन्ही रीती रोज कानावर पडतात, त्याचा फायदा घ्या की.

सात वर्षांच्या मुलासाठी माझा सगळ्यात आवडता खेळ मात्र कवड्यांचा. कुणी चल्लस म्हणतं, कन्नड मंडळी चौकाबारा म्हणतात. पाच बाय पाच घरांचा पट खडूनं आखायचा. चार कवड्या टाकायच्या, जेवढ्या उघड्या तेवढी घरं. चारही उघड्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना परत टाकायला मिळतं. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून घ्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी, काम भागतं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, बाहेरून फिरून आत मधल्या घरात न्यायच्या. समोरच्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही. सापशिडीत मुलाला ठरवायचं काहीच नसतं, फासा सांगेल तिकडं जायचं. इथं तीन पडले की कुठली सोंगटी हलवू, मारू की फुलीच्या सुरक्षित घरात लपू, हा हिशोब त्याचा त्यालाच करावा लागतो. आमचा मुलगा एकदा दान पडल्यावर किती वेळ ओठ हलवत बसला होता, मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यानं जी सोंगटी हलवली तिनं माझी मेली.

विकतचं काही घ्यायचंच असेल तर आयएसआय खूण बघून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. घरात तीन वर्षांखालचं बाळ येत-जात असेल तर फासा आणि कवड्या खेळ झाल्याबरोबर उचलून ठेवा.

हरल्यावर रडारड होणारच, धाकटीची तर जास्त. तिला दरवेळी मुद्दाम जिंकवू नका, त्यापेक्षा दोघांची एक जोडी करा आणि समोर तुम्ही बसा. कवड्या धाकटीनं टाकायच्या, उघड्या किती तेही तिनंच मोजायचं, आणि कुठली सोंगटी हलवायची ते थोरल्यानं ठरवायचं.