वाचनालयाची जुनी इमारत दुरुस्त करावी की पाडावी, हे कसे ठरवायचे?

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ राहील. आपण ठाण्याच्या नौपाड्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर नव्याने निवडून आला आहात. इमारत १९७८ सालची, तळमजला अधिक दोन मजल्यांची, आरसीसी (आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या) बांधकामाची आहे. गेल्या पावसाळ्यात देवघेव विभागाच्या छताचे पोपडे पडले. निम्मे सदस्य म्हणतात की प्लास्टर करून रंग द्यावा, उरलेले म्हणतात की इमारत पाडून विकासकाकडे द्यावी. अभियंता नसलेल्या माणसाने यातले खरे काय ते कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि गेली बावीस वर्षे ठाणे, कळवा आणि नवी मुंबई या भागांत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचेच काम करतो. त्यांत वाचनालयांच्या तीन इमारती होत्या. त्या अनुभवावरून सांगतो की वाचनालयाची तपासणी राहत्या इमारतीसारखी केली, तर दोन गोष्टी हमखास निसटतात: कपाटांमागची भिंत आणि पुस्तकांचे वजन. आपल्या समितीत दोन तट पडले आहेत, पण दोघांपैकी कोणीही अजून या दोन गोष्टी पाहिलेल्या नसाव्यात, असे आपल्या प्रश्नावरून वाटते.

आधी कपाटांविषयी. मी पाहिलेल्या एका वाचनालयाकडे जेमतेम दोन वर्षांपूर्वीचा तपासणी अहवाल होता आणि त्यात इमारत किरकोळ दुरुस्तीयोग्य ठरवलेली होती. अहवालातील चाचण्या कुठे घेतल्या हे पाहिले, तेव्हा सगळ्या जागा जिन्यात, व्हरांड्यात आणि वाचन कक्षात निघाल्या, म्हणजे जिथे यंत्र टेकवायला अडचण नव्हती तिथे. पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाटांची रांग होती आणि तिच्यामागे तीन कॉलम (खांब) होते. त्यांच्याकडे कोणी गेलेच नव्हते. आम्ही एक कपाट रिकामे करून पुढे ओढले. मागच्या रांगेतील दोन पुस्तके पत्र्याला चिकटून राहिली. कॉलमच्या कोपऱ्यातून उभा तडा छातीच्या उंचीपासून थेट बीमपर्यंत (वरच्या आडव्या तुळईपर्यंत) गेला होता, त्यात पोस्टकार्डाची कड सहज शिरत होती आणि त्यातून तांबूस ओघळ आले होते. हातोडीने हलकेच ठोकले तर टणटणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला आणि तळहाताएवढा तुकडा सुटून खाली आला. आतल्या सळईचे पापुद्रे निघत होते. गंज खरवडून व्हर्नियर या जाडी मोजण्याच्या साधनाने मोजले, तेव्हा मूळची १६ मिलिमीटरची सळई १२ मिलिमीटर उरली होती. व्यास चतुर्थांशाने कमी झाला, पण भार घेणारे क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे गेले होते. त्याच कॉलमच्या बाहेरच्या अंगाने गच्चीवरील पावसाच्या पाण्याचा नळ उतरत होता आणि त्याचा सांधा बऱ्याच वर्षांपासून फुटलेला होता.

असे का होते, हे समजून घेतल्यास पुढची पाहणी सोपी जाते. चांगल्या काँक्रीटमधील अल्कधर्मी वातावरणामुळे सळईला गंज धरत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो आणि ही अल्कता कमी करतो. अल्कता गेलेला थर सळईपर्यंत पोहोचला आणि तिथे ओल असली, की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे तो काँक्रीटला आतून फोडतो. म्हणजे आपल्या छताचे पोपडे ही वरून आलेली खराबी नसून आतून आलेला दाब असण्याची शक्यता मोठी आहे. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाडी जवळ आहे. शिवाय १९७८ च्या सुमारास स्लॅबच्या सळईखाली काँक्रीटचे १५ मिलिमीटर आवरण पुरेसे मानले जाई आणि प्रत्यक्ष कामावर तेही सर्वत्र मिळत नसे. त्यामुळे पोपड्यांवर नुसते प्लास्टर थापून रंग देणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. त्याने गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी जास्त मोठा तुकडा पडतो.

आता वजनाविषयी, कारण मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. भारतीय मानकाप्रमाणे घराच्या खोलीचा मजला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार (माणसे आणि सामानाचे वजन) धरून आखतात. वाचन कक्षासाठी हा आकडा ३०० ते ४०० किलो असतो, आणि पुस्तकांची कपाटे दाटीने मांडलेल्या ग्रंथदालनासाठी, कपाटे सव्वादोन मीटरपर्यंत उंच असतील तर, ६०० किलो. आपली इमारत मुळात वाचनालय म्हणून आखली होती, की सभागृह म्हणून, की वरचा मजला नंतर चढवला, हे आधी शोधा. मूळ नकाशे संस्थेच्या जुन्या दप्तरात किंवा महापालिकेच्या शहर विकास विभागात मिळण्याची शक्यता असते. ते मिळाले, तर अर्धी लढाई जिंकली असे समजा. ज्या खोलीत पूर्वी व्याख्याने होत होती आणि आता भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाटे आहेत, त्या खोलीचा मजला तपासणीच्या यादीत पहिला ठेवा.

वजनाचा अंदाज आपण स्वतः घेऊ शकता. एक खण रिकामा करा आणि त्यातील पुस्तके वजनकाट्यावर ठेवा. आम्ही मोजले तेव्हा कथा-कादंबऱ्यांचा तीन फुटी खण १८ ते २० किलो भरला आणि बांधीव मासिकांचा खण तीस किलोंच्या पुढे गेला. सहा खणांचे कपाट, त्याचे स्वतःचे वजन, पाठीला पाठ लावून ठेवलेले दुसरे कपाट असा हिशेब केला, तर कपाटाखालच्या जागेवर किती भार येतो ते दिसेल. मधले मार्ग रिकामे असल्यामुळे सरासरी खाली येते, हे खरे आहे. पण जिथे जागा वाचवण्यासाठी रुळांवरची सरकती कपाटे बसवली आहेत, तिथे हे मार्गच नाहीसे झालेले असतात. अशी कपाटे वरच्या मजल्यावर असतील, तर अभियंत्याला ते आवर्जून सांगा.

गच्चीवर जायला विसरू नका. गळती थांबवण्यासाठी पूर्वीच्या समित्यांनी जुना ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा जलरोधक थर) न काढता त्यावर दुसरा कोबा घातलेला मला वारंवार आढळला आहे. दहा सेंटिमीटर जाडीचा असा थर दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास जातो. लोक वावरतात अशा गच्चीसाठी मानकात वापरभार धरलेला असतो १५० किलो. म्हणजे त्या एका थराने गच्चीची सगळी शिल्लक संपवलेली असते. दाराच्या उंबऱ्याशी आणि पन्हळीच्या तोंडाशी थरांची जाडी मोजता येते. पाण्याची टाकी नंतर बसवली असेल, तर तिची जागा आणि क्षमताही टिपून ठेवा.

अभियंता बोलावण्यापूर्वी आपण दोघा-तिघा सदस्यांनी एक वही, टॉर्च, लहान हातोडी आणि मोजपट्टी घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एक फेरी मारावी. प्रत्येक खोलीचा ओबडधोबड नकाशा काढून त्यावर ओल, तडे, पोपडे आणि गंजाचे ओघळ तारखेसह नोंदवावेत. सगळे तडे सारखे नसतात. प्लास्टरवरील जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा बहुधा प्लास्टरपुरत्याच असतात. बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत गेलेला तडा गंजाचा असतो. बीमच्या टोकाशी, आधाराजवळ तिरपा तडा दिसला, तर तो भाराशी संबंधित असू शकतो आणि तो त्याच आठवड्यात अभियंत्याला दाखवावा. कॉलमच्या कोपऱ्यातील उभ्या तड्यालाही तीच घाई हवी. तडा जिवंत आहे की जुना, हे पाहण्यासाठी त्यावर आडवी पातळ काचपट्टी सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहितात. तडा वाढला, तर काच तडकते. ही पद्धत जुनी आहे, पण समितीला पटवायला तिच्याइतका सोपा पुरावा नाही. गळतीची नोंद मात्र जुलैमध्ये, पाऊस चालू असतानाच करावी लागते. मार्चमध्ये भिंत निरोगीच दिसते.

यानंतर महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. आपल्या इमारतीने तो टप्पा केव्हाच ओलांडला आहे. काम देतानाच लेखी अटी घाला: कपाटांमागचे कॉलम उघडून पाहायचे, पुस्तकांचा प्रत्यक्ष भार धरून मजल्यांचे गणित करायचे, आणि चाचण्यांच्या सर्व जागा नकाशावर दाखवायच्या. कपाटे हलवण्याची जबाबदारी आपण घ्या. ती घेतली नाही, तर अभियंता दिसेल तेवढेच तपासतो, आणि त्यात त्याचा पूर्ण दोष नसतो.

अहवाल हाती आला, की आकड्यांनी घाबरूनही जाऊ नका आणि निश्चिंतही होऊ नका. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारे उपकरण) फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो आणि त्यावरून काढलेल्या ताकदीत पंचवीस टक्के इकडेतिकडे होऊ शकते. जुन्या कार्बनयुक्त पृष्ठभागावर तर तो फसवा चांगला आकडा देतो. त्याच्या जोडीला ध्वनिलहरींची चाचणी, काही ठिकाणी कोअर (काँक्रीट कापून काढलेला दंडगोल नमुना), फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी आणि सळईचा विद्युत दाब मोजणारी हाफ-सेल चाचणी हवी. फिनॉल्फ्थॅलीन ताज्या फोडीवर शिंपडले, की निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि कार्बन शिरलेला भाग रंगहीन राहतो. ही चाचणी आपण समोर उभे राहून पाहावी. हाफ-सेलमध्ये उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचे आकडे आले, तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात. कोअरच्या बाबतीत एक खुलासा करतो, कारण त्यावरून गैरसमज होतात. आज आरसीसीसाठी किमान एम-२० प्रतीचे काँक्रीट (आकडा जितका मोठा, तितके मजबूत) लागते, पण १९७८ मध्ये एम-१५ चालत असे. ‘काँक्रीट एम-२० पेक्षा कमी, म्हणून इमारत पाडावी’ एवढेच कारण अहवालात असेल, तर मूळ आराखडा कोणत्या प्रतीचा होता हे विचारा.

शेवटी अभियंता इमारतीला एक वर्ग देतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची; सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची; सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याची; सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-१ आला, तर एक दिवसही वाद घालत बसू नये. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यातच रात्रीच्या वेळी कोसळलेली इमारत आपल्या समितीतील अनेकांना आठवत असेल. इतर वर्गांत मला दुरुस्तीचा पक्ष अधिक सबळ वाटतो. कॉलमचे जॅकेटिंग (भोवती सळया आणि काँक्रीटचे नवे आवरण) आणि पॉलिमर मॉर्टारची (चिकट रसायन मिसळलेल्या गिलाव्याची) दुरुस्ती नीट झाली, तर अशा इमारती आणखी कित्येक वर्षे चालतात. पुनर्विकासाच्या वाटेने गेलात, तर विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता असल्यामुळे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागू शकते, नवी इमारत होईपर्यंत ग्रंथसंग्रह कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतो, आणि तोवर तुटलेले सभासद परत येतीलच असे नाही. ज्या शहरात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे, तिथे वाचनालय काही वर्षे बंद ठेवणे हा माझ्या दृष्टीने लहान निर्णय नाही.

आग, वायरिंग आणि वाळवी यांची तपासणी वेगळी, पण त्याच महिन्यात उरकावी. अग्निशमन यंत्रणा असेल, तर तिचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते, ते फाइलमध्ये आहे का ते पाहा.

अहवाल येईपर्यंत देवघेव विभागाच्या छताचा सैल गिलावा जाणकार माणसाकडून पाडून घ्या आणि तो पडेपर्यंत त्या जागेखाली सभासदांची रांग लावू नका. वरच्या मजल्यावरील बांधीव मासिके खाली आणा, पण फरशीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. अहवालातील चाचण्यांच्या जागांचा नकाशा येथे टाकलात, तर तो वाचून मी माझे मत नक्की लिहीन.